जयूच्या गावची नदी

॥ श्री ॥

ब्रिस्बेन,
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय सौ. सुनंदास,

अनेक आशीर्वाद. मी इथे सुखरूप पोचलो. गुडघा विमानात कुरकुरला, पण आता शांत आहे. तुम्हा दोघींची खुशाली लवकर कळव.

या पत्राची पहिली दोन पानं माईला मोठ्याने वाचून दाखव. पुढची दोन फक्त तुझ्यासाठी आहेत, ती वाचून आत ठेवून दे.

तर माईला सांग, की हे गाव म्हणजे नुसतं ऊन. कडक नाही, आपल्याकडे दिवाळीच्या आधी पडतं तसं स्वच्छ, आणि पहाटे पाचलाच खिडकीत हजर. घरं लाकडाची, खांबांवर उभी केलेली. वर माणसं राहतात आणि खाली गाडी, सायकली, वाळत घातलेले कपडे. नीलमोहर इतका फुललाय, की रस्ते जांभळे झालेत. परवा सकाळी फिरायला निघालो तर कावळ्याएवढा एक काळा-पांढरा पक्षी मागून आला आणि टाळूवर टोच मारून गेला. विणीचे दिवस आहेत, घरट्याजवळून कुणी गेलेलं त्याला खपत नाही म्हणे. तेव्हापासून माईने दिलेली कानटोपी घालून फिरतो. इथल्या उन्हात कानटोपी बघून लोक हसतात, हसू देत.

गावाच्या मधून नदी जाते. जाते कसली, रेंगाळते! एका पुलावरून पलीकडे जावं तर थोड्या वेळात तीच नदी पुन्हा समोर. पाणी दुधाच्या चहासारखं. लोक सिटी बसने जावं तसे बोटीने कचेरीला जातात. काठावर बाग केली आहे आणि बागेत चक्क वाळू आणून समुद्रकिनारा बनवलाय. श्रीनाथचा पुतण्या चांगला मुलगा आहे, माझी नीट व्यवस्था ठेवतो. माईने काळजी करू नये.

आता तुझ्यासाठी.

ज्याच्याकडे जातो असं माईला सांगून निघालो तो श्रीनाथचा पुतण्या विमानतळावर आला आणि मला जयूच्या स्वाधीन करून गेला. जयूला मी ओळखलंच नाही. पांढरे आखूड केस, गोऱ्या बायका घालतात तसा फुलाफुलांचा झगा, हातात गाडीची किल्ली. मी तिच्या पलीकडे बघत होतो. तेवढ्यात मागून खणखणीत आवाजात हाक आली, क्यों भिया, पहचाना नहीं क्या! अख्खा विमानतळ वळून बघायला लागला. तो डेस्मंड.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा जयू जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तात्यांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगून टाकलं होतं. त्यामुळे ज्या नणंदेला तू कधी पाहिलं नाहीस तिच्याबद्दल तुला माझ्याकडून तुकड्यातुकड्यानेच कळलंय. डेस्मंड आपल्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचा मुलगा. रेल्वेच्या परीक्षेसाठी तात्यांकडे गणित शिकायला यायचा. तात्या त्याला व्हरांड्यात बसवून शिकवायचे. आत मात्र तो कधी आला नाही, म्हणजे त्याला कुणी बोलावलं नाही. तो पास झाला तेव्हा तात्यांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं, की पोराचं डोकं तेज आहे. पुढे जयूने त्याच्याशी कोर्टात लग्न केलं तेव्हा तेच तात्या खोलीचं दार लावून बसले. मी त्या वेळी बँकेच्या झाबुव्याच्या शाखेत होतो, मला तार आली तोवर दोघं निघून गेली होती.

मला वाटलं होतं, मी इथे एका परक्या माणसाच्या घरी राहणार. पण सुनंदा, आपल्या गावात सुद्धा इतका उज्जैनचा माणूस उरला नसेल. रविवारी तो स्वतः पोहे करतो, वाफेवरचे, बडीशेप घालून. वर भुरभुरायला मी आणलेला जीरावन मसाला बघून त्याने आधी डबा उघडून नुसता वास घेतला. टावर चौकात कोणत्या कोपऱ्यावर कोण बसायचं हे तो मला विचारतो आणि मला सांगता येत नाही. मुलीचं नाव शिप्रा, आपल्या नदीचं. ती सिडनीला नर्स आहे. नाव त्यानेच ठेवलं, जयूने नाही.

जयू माझ्याशी चांगलं बोलते, खाऊ घालते, थट्टा करते. माईचा विषय निघाला की उठून कपबश्या धुवायला लागते, धुतलेल्या असल्या तरी.

तुझ्यावर सगळं टाकून आलो आहे हे लक्षात आहे. तुझी माया आहे म्हणून येता आलं, ती अशीच राहू दे.

तुझा,
गोपाळकृष्ण


॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन,
२१ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. यांस,

सुनंदाचा सा. न. वि. वि. पत्र काल पोचलं. इकडे सगळं ठीक. दिवाळीची सफाई होऊन राहिली आहे आणि माईंनी वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली काढायला लावले आहेत. त्यावरून त्यांची तब्येत समजून घ्या.

सांगितलं होतं तशी पहिली दोन पानं मी त्यांच्या कानाशी बसून वाचली. पक्ष्याने टोच मारली तिथे त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग मी पत्राची घडी घालायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, की पाकीट तर चांगलं जाड होतं, गोपाळ एवढ्यावर थांबणारा नाही. मी म्हटलं, की बाकीचं माझ्यासाठी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, की नवऱ्याने बायकोला लिहिलेलं मी कशाला वाचू, पण एवढं सांग, जयूच्या डोक्यात पांढरं आलं का.

अहो, माझ्या हातातून पत्र खाली पडलं. त्यांच्या तोंडून हे नाव मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले तर म्हणाल्या, की गोपाळला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. श्रीनाथचा पुतण्या कधी डॉक्टर असतो, कधी इंजिनियर. दोनदा विचारलं, दोनदा वेगळं सांगितलं. गोपाळ बहिणीकडे चाललाय हे मी त्याची बॅग भरताना ओळखलं. नाहीतर पुरुषमाणूस भैरवगढची चादर स्वतः जाऊन, रंग निवडून कशाला आणेल?

तेव्हा मी उरलेली पानं पण वाचून दाखवली. तुम्ही रागावणार नाही असं मानते. शिप्राचं नाव आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि ते नाव खरंच त्याने ठेवलं का, जयूने नाही ना, हे दोन-दोनदा विचारून घेतलं. नात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, की वाच पुढे.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझ्याच्याने ते नीट सांगून व्हायचं नाही. म्हणाल्या, की ह्यांचा हुकूम होता तोवर मी गप्प बसले, ते माझ्या हातात नव्हतं. पण हे गेले त्यालाही आता सोळा वर्षं झाली. तेरावं झालं त्या दिवसापासून मी वाट बघत होते, की आता गोपाळ विषय काढेल, नाहीतर सुनंदा तरी. तुम्हाला वाटत राहिलं, की मला चालायचं नाही. मला वाटत राहिलं, की तुम्हालाच ती नको आहे. एका घरात, एका ताटलीतलं तोंडी लावणं वाटून खाणारी माणसं आपण, आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

मी पदराने डोळे पुसले. त्या मात्र रडल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, की त्या पोराला अजून सर्दी होते का, व्हरांड्यात सारखा शिंकायचा.

तुम्ही इकडची फिकर करू नका. ही दिवाळी बहिणीकडे करा. जयूताईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा, की नणंदेचा जाच सोसायचा राहून गेलाय, तेवढा कधीतरी येऊन पुरा करा.

लोभ आहेच, त्यात भर घालावी.

आपली,
सुनंदा


॥ श्री ॥

ब्रिस्बेन,
३ नोव्हेंबर १९९७

प्रिय सौ. सुनंदास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते वाचून मी बाहेर लाकडी पायऱ्यांवर जाऊन बसलो. माई वाट बघत होती आणि मी रोज तिच्या समोर बसून चहा पीत होतो. बस, याच्यावर जास्त लिहीत नाही.

काल भाऊबीज झाली. जयूने सकाळी पाट शोधायला सुरुवात केली आणि पाट काही घरात नव्हता. शेवटी डेस्मंडने खालच्या त्याच्या कारखान्यात जाऊन फळी कापली, घासली, खाली पट्ट्या ठोकल्या आणि तासाभरात पाट तयार करून दिला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्याची सगळी नोकरी झाली, हाताला सफाई आहे. पण खिळा ठोकताना तो आधी बोटाने जागा चाचपत होता, ते मला खटकलं. ओवाळताना जयूला मंत्रबिंत काही आठवेना. ती नुसती ताट फिरवत राहिली. मी म्हटलं, की आता पुरे, मला चक्कर येईल. तेव्हा कुठे हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडली.

दुपारी डेस्मंड मला बोटीवर घेऊन गेला. ही बोट नदीभर या काठावरून त्या काठावर थांबत जाते. आम्ही पुढे उघड्यावर बसलो. काय ऊन होतं! पाण्यावरून उडून ते घरांच्या पत्र्यांवर नाचत होतं, एका उंच लोखंडी पुलाखालून बोट गेली, डाव्या हाताला तांबूस खडकाचा सरळ कडा, त्याच्यावर पोरं दोऱ्या बांधून चढत होती. मी म्हटलं, की तुमची नदी सुंदर आहे. तो म्हणाला, की सुंदर आहे, हिने मला अन्न दिलं, घर दिलं, एकदा पुरात ते घर गळ्यापर्यंत बुडवलं पण. हिच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. पण भिया, हिला पायऱ्या नाहीत. रामघाटावर कसं, कुणीही येऊन पाय सोडून बसावं, कपडे धुवावेत, आजीच्या अस्थी सोडाव्यात, भजी खावीत. इथे नदी बघायची असते. बसायचं नसतं तिच्याजवळ.

मग त्याने सांगितलं, की त्याला काचबिंदू आहे. उशिरा कळला. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतो की तेही राहील याचा भरवसा नाही. त्याला उज्जैन एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. मी म्हटलं, की मग चल की. तो म्हणाला, की जयू येणार नाही, आणि तिला दुखवून मला जायचं नाही. तात्यांबद्दल त्याच्या मनात काही नाही. उलट म्हणाला, की त्यांनी शिकवलेल्या गणितावर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली, त्यांचं देणं मी विसरत नाही.

घरी आल्यावर मी जयूला तुझं पत्र वाचून दाखवलं, पूर्ण. ती गॅसपाशी उभी होती. माईने केसांचं विचारलं तिथे तिने डोक्यावरून हात फिरवला. संपल्यावर गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, की माई मला विसरली नाही हे कळलं, बरं वाटलं. पण दादा, मी गेले ती काही भांडून गेले नव्हते. या माणसाला आपल्या घरात दोन वर्षं व्हरांड्यात बसवलं. उन्हाळ्यात बसला, थंडीत शिंकत बसला, आणि आत फक्त मी जात-येत होते. आता डोळे जाता जाता त्याने परत तिथे जायचं, आणि माझी आई मला आत घेणार आणि हा पुन्हा पायरीशी उभा राहणार, हे मी बघणार नाही. मला बोलावणं नको. त्याला आलं तर बघू.

मी समजावायला गेलो तर म्हणाली, की समजावू नकोस, पोळ्या गार होतात.

सुनंदा, माझ्या मते तिचं बरोबर आहे. पण ब्याऐंशी वर्षांच्या माईला हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तू जवळ आहेस, तुला सुचेल. पुढचं तुझ्या मायेवर सोपवतो.

तुझा,
गोपाळकृष्ण


॥ श्री ॥

माधव नगर, उज्जैन,
१५ नोव्हेंबर १९९७

ती. स्व. यांस,

सुनंदाचा सा. न. वि. वि. मला काही सुचवावं लागलं नाही. पत्र आलं, मी वाचलं, काही गाळलं नाही. डोळ्यांचं ऐकून माईंनी च्च केलं. जयूताईंचं ऐकून म्हणाल्या, की माझीच पोर आहे.

काल कार्तिकी पौर्णिमा. पहाटे म्हणाल्या, की मला घाटावर ने. मी म्हटलं, की मेळ्याची गर्दी आहे, टेम्पोत चढवणार नाही. तरी हट्टाने आल्या. अंघोळ काय करणार, पायरीवर बसून पाय पाण्यात घातले आणि खूप वेळ बसून राहिल्या. परत येताना टेम्पोत एकदम म्हणाल्या, की जावयाला पत्र लिहिताना मायना काय घालतात, मला आता आठवत नाही. चिरंजीव म्हणतात की राजमान्य राजश्री? मी म्हटलं, दोन्ही घाला. पहिलंच पत्र जातंय, जास्त झालं तर बिघडत नाही.

आज दुपारभर बसून स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मी बघितलं नाही, त्यांनी बघू पण दिलं नाही. तसंच सोबत ठेवते. तुम्ही नका वाचू, ज्यांचं आहे त्यांच्या हातात द्या.

आता घर मोठं वाटायला लागलंय, लवकर या.

आपली,
सुनंदा


॥ श्री ॥

उज्जैन,
कार्तिक वद्य प्रतिपदा

चिरंजीव राजमान्य राजश्री डेसमनराव जावईबापू यांसी,

माईचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुमचे नाव बरोबर लिहिता आले की नाही ठाऊक नाही, चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे जयूने वाचून दाखवावे, आणि वाचताना आपल्या पदरचे काही घालू नये, काढू पण नये.

तुम्ही आमच्याकडे शिकायला येत होता तेव्हा तुम्हाला आत बोलवावे असे मला वाटत होते. थंडीत तर फारच वाटे. पण घर चालते त्या रीतीने मी चालले. रीत माझी नव्हती असे आता म्हणून काय उपयोग? दार तर माझेच होते.

ते आता उघडे आहे. देवघराच्या शेजारची खोली रिकामी केली आहे. तिथे सकाळचे ऊन चांगले येते. तुमच्या डोळ्यांना त्रास होत असेल तर पडदा लावून घेऊ. आमच्याकडे डोळ्यांचा डॉक्टर आहे, पण तुमच्या तिकडचे जास्त शिकलेले असणार, त्यांना विचारून यावे.

शिप्राला घेऊन यावे. नाव चांगले ठेवलेत.

हे बोलावणे तुम्हाला आहे. तुमच्याबरोबर तुमची बायको आली तर आम्हाला आनंदच आहे.

मी आता फार दिवसांची नाही असे म्हणून तुम्हाला भीती घालत नाही. मी चांगली आहे, घाटापर्यंत जाऊन आले. तरी लवकर यावे.

आशीर्वाद आहेतच. ते इतके दिवस पोचवायचे राहिले, ते सगळे आता एकदम घ्यावेत.

तुमची सासू,
माई


॥ श्री ॥

ब्रिस्बेन,
२७ नोव्हेंबर १९९७

ती. माईस,

जयूचा शि. सा. न. वि. वि. दादा परवा निघतो आहे, हे पत्र त्याच्याबरोबर देते. माझं अक्षर बघून हसू नकोस. इतक्या वर्षांत मराठी लिहायचं काम पडलं नाही. विचार करते आहे एका भाषेत, लिहायला जाते दुसऱ्या.

तुझं पत्र मी डेसला वाचून दाखवलं. पदरचं काही घातलं नाही. पहिल्याच ओळीशी अडकले, पुढे वाचता येईना. त्याला वाटलं, काहीतरी वाईट आहे. तो म्हणाला, की राहू दे, नको वाचूस. मग दादाने माझ्या हातातून घेऊन ती ओळ वाचली. डेसला कळेना, की राव म्हणजे काय. दादाने समजावलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि पुन्हा. इथे कामावर सगळ्यांनी त्याला डेस म्हटलं, डेझी म्हणून चिडवलं, साहेबाने नंबराने हाक मारली. राव कुणी म्हटलं नाही. संध्याकाळी शेजारचा बागेत पाणी घालत होता, त्याला कुंपणावरून सांगून आला, की मी डेसमनराव आहे. तो बिचारा बरं म्हणाला.

दाराबद्दल तू लिहिलंस ते मी दुसऱ्यांदा वाचलं नाही. एकदाच पुरे झालं. तुझ्यावर मी रागावले होते, माई, पण त्याहून जास्त तुझी आठवण काढत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे मला या घरात राहून कळलं. इथे आमच्या मागे आंब्याचं झाड आहे. दरवर्षी कैऱ्या लागल्या की मी तुझ्यासारखा गुळांबा करायला घेते आणि दरवर्षी तो जास्त शिजतो. मग डेस तो मुकाट्याने खातो. यंदा केला नाही. तिथेच येऊन शिकते.

आम्ही जानेवारीत येतो आहोत. शिप्राला सुट्टी मिळाली आहे, ती पण येईल. तिला मराठी येत नाही, हिंदी तिच्या वडिलांची येते, म्हणजे जी तू ऐकशील तेव्हा तुला वाटेल की रेल्वे कॉलनीतलाच पोरगा बोलतो आहे.

दिल्लीहून माळवा एक्सप्रेसने येऊ. दिवस आणि गाडी दादा सांगेल. डेस म्हणतो, की उगाच कुणी स्टेशनवर यायची तकलीफ घेऊ नये, तिथून घर त्याला डोळे मिटून पण सापडेल. त्याला म्हणू दे.

आम्ही गेलो त्या दिवशी फलाटावर खूप माणसं होती. डेसची आई, बहिणी, अर्धी रेल्वे कॉलनी. कुणी केक आणला होता, कुणी गिटार वाजवत होतं. सगळी त्याची माणसं. गाडी सुटली तरी मी दारातच उभी होते, पुलाच्या जिन्याकडे बघत. डेसने मला आत ओढलं नाही. नागदा येईपर्यंत तो पण माझ्या मागे उभा राहिला.

म्हणून माई, मला कुणीतरी यायला हवं आहे. दादा येईल, वहिनी येईल, ते तर येतीलच. पण तू ये. चालवत नसेल तर टेम्पोने ये, फलाटावर बाकडं असतं, त्यावर बसून राहा. आणि गाडीला उशीर झाला तरी परत जाऊ नकोस. मी येते आहे.

लोभ होता हे कळलं. आता तो समोर बसून हवा आहे.

तुझी,
जयू